मिळालं तरी मन का भरत नाही?

"सुख बाहेर नसतं, ते आपल्या आतच असतं." हे वाक्य आपण कीर्तनात ऐकतो, रिक्षाच्या पाठीवर वाचतो आणि सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट ते आपल्याला येतंच. वाक्य खोटं नाही. पण 'आत' म्हणजे कुठे आणि तिथे नेमकं काय चालतं, हे सांगायच्या फंदात कोणी पडत नाही. मग ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्या मिनिटाला नव्या फोनवर किती सूट आहे ते बघायला लागतो.

गेल्या पन्नासेक वर्षांत मेंदूचा आणि माणसाच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या 'आत'मध्ये बरीच उचकापाचक केली आहे. ते वाचून माझं मत असं झालंय, की समाधान आत असतं म्हणजे ते तिथे कुठेतरी साठवून ठेवलेलं असतं असं नव्हे. आत असतो तो मोजणारा. बाहेर जे घडतं त्याचं मोजमाप तो स्वतःच्या एका तऱ्हेवाईक पद्धतीने करतो. ती पद्धत कळली, की त्याचं किती मनावर घ्यायचं हे आपलं आपल्याला ठरवता येतं. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

ओढ वेगळी, गोडी वेगळी

डोपामिन म्हणजे 'सुखाचं रसायन' असं आजही रील्समध्ये ठासून सांगतात. १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांचीही साधारण हीच समजूत होती. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी ती उंदरांवर पारखून पाहिली.

उंदराला एखादी गोष्ट आवडली की नाही, हे विचारणार कसं? बेरिज उंदराचं तोंड बघायचे. जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब पडला की उंदीर ओठ चाटतो. कडू थेंब पडला की तोंड वासतो, डोकं झटकतो. तान्हं बाळही गोड-कडू चवींना असंच तोंड करतं. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या मेंदूतले डोपामिन सोडणारे तंतू जवळजवळ सगळेच नष्ट केले. आता साखर गोड लागणार नाही, अशी अपेक्षा होती. उंदरांनी खाणं सोडलं, हे खरं. समोर अन्न असूनही ते तोंड लावेनात. नळीने भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. पण जिभेवर साखरेचा थेंब टाकला की ते पूर्वीसारखेच ओठ चाटायचे! गोडी शाबूत होती, गेली होती ती फक्त ओढ. १९८९ साली हे काम प्रसिद्ध झालं.

पुढे याची उलट बाजूही दिसली. ज्या उंदरांच्या मेंदूत जन्मतःच डोपामिनचं प्रमाण जास्त राहील अशी व्यवस्था केली होती, ते गोडाकडे जास्त जोराने धावायचे, वाटेत कशाने विचलित व्हायचे नाहीत. पण गोड जिभेवर पडल्यावर त्यांना ते इतरांपेक्षा जास्त आवडतंय, असं काही दिसलं नाही. माणसातही याची एक चमत्कारिक झलक बघायला मिळते. पार्किन्सनच्या काही रुग्णांना डोपामिनसारखं काम करणारी औषधं देतात. त्यातल्या काहींना एकाएकी जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो, आणि औषध कमी केलं की बऱ्याचदा तो सुटतोही. आयुष्यात कधी मटक्याचा आकडा न लावलेली माणसं असतात ही.

थोडक्यात, मेंदूत 'हवंय' म्हणणारी यंत्रणा मोठी आहे, ऐसपैस पसरलेली आहे. 'आवडलं' म्हणणाऱ्या जागा त्या मानाने इवल्याशा आहेत. उंदराच्या मेंदूत अशी एक जागा जेमतेम एक घन मिलिमीटर भरते. या दोन्ही यंत्रणा एरवी हातात हात घालून चालतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. फारकत झाली की मात्र स्पष्ट दिसतं. रात्रीचे साडेबारा वाजलेत, अंगठा स्क्रीनवर वर वर सरकतोय, गेल्या वीस मिनिटांत एकही व्हिडिओ धड आवडलेला नाही, तरी फोन खाली ठेवत नाही. ही निव्वळ ओढ, गोडीशिवायची. यात आपली इच्छाशक्ती कमी पडते असं म्हणून स्वतःला बोल लावण्यात फार अर्थ नाही. ज्यांनी ही ॲप बनवली त्यांचं पोटच या ओढीवर भरतं.

ओढीची खोड अशी, की ती वचन देत येते. 'हे मिळालं ना, की मग बघ!' आणि ते वचन पाळण्याची जबाबदारी तिच्यावर नसते. ते काम दुसऱ्या खात्याचं.

बोनस आणि माकडं

मोजणाऱ्याची दुसरी खोड स्वित्झर्लंडमध्ये सापडली. फ्रीबुर्ग विद्यापीठात वुल्फ्राम शुल्ट्झ हे माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींचं काम एकेक करून नोंदवत होते. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी धडाधडा कामाला लागायच्या. मग त्यांनी रसाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. दिवा म्हणजे रस येणार, हे माकडाला कळल्यावर पेशी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या, आणि प्रत्यक्ष रस तोंडात पडला तेव्हा ढिम्म. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर बरोबर ज्या क्षणी रस यायला हवा होता त्या क्षणी पेशींचं काम नेहमीपेक्षाही खाली घसरायचं. १९९७ मध्ये शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी याची मांडणी केली: या पेशी मिळालेलं मोजत नाहीत, अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं ते मोजतात.

माकडाच्या जागी दिवाळीचा बोनस घेणारा माणूस ठेवून बघा. पहिल्या वर्षी पाकीट अनपेक्षित येतं, माणूस घरी पेढे नेतो. दुसऱ्या वर्षी दसऱ्यापासूनच त्या पैशांचा हिशोब मांडलेला असतो. तिसऱ्या वर्षी तेवढीच रक्कम धनत्रयोदशीऐवजी भाऊबीजेनंतर जमा झाली, की कँटीनमध्ये मालकाचा उद्धार सुरू. पैसे तेच. मधल्या काळात अपेक्षेची रेघ वर सरकली, एवढंच.

हे पहिल्यांदा कळतं तेव्हा जरा उदास वाटतं, पण निसर्गाच्या बाजूने बघितलं तर यात शहाणपण आहे. एका झाडाची फळं खाऊन जो कायमचा तृप्त झाला, तो प्राणी दुसरं झाड शोधायला गेला नाही, आणि त्याचा वंशही फार चालला नसणार. ही यंत्रणा आपल्याला जगवण्यासाठी घडली आहे. आपण समाधानी आहोत की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

नव्याचे नऊ दिवस, पण सगळ्याच गोष्टींचे नाहीत

कढत पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतला की चटका बसतो, चौथ्या तांब्यापर्यंत तेच पाणी बेताचं वाटायला लागतं. मनही असंच सरावतं, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. मानसशास्त्रात या विषयावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९७८ सालचा. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठलं. बक्षिसं ५० हजार ते १० लाख डॉलरची. त्याच भागातले लॉटरी न लागलेले २२ जण आणि अपघातात अर्धांग किंवा हातपाय लुळे पडलेले २९ जण, यांनाही तेच प्रश्न विचारले.

लॉटरीवाल्यांनी स्वतःच्या सध्याच्या सुखाला ५ पैकी ४.०० गुण दिले, सामान्यांनी ३.८२. फरक नावापुरता. त्याहून मजेशीर म्हणजे मित्राशी गप्पा, न्याहारी, एखादा विनोद अशा साध्या गोष्टींत किती मजा येते, यावर लॉटरीवाल्यांचे गुण सामान्यांपेक्षा कमी निघाले: ३.३३ विरुद्ध ३.८२. मोठ्या फटाक्यानंतर लवंगी फुसकी वाटते ना, तसं. (लवंगी फटाका लहानपणी सगळ्यात आवडता असतो, तो भाग निराळा.)

हा अभ्यास व्याख्यानांतून हमखास चुकीचा सांगितला जातो. 'अपंग झालेले लोक वर्षभरात लॉटरीवाल्यांइतकेच सुखी झाले' असं ठोकून देतात. तसं नव्हतं. त्यांचे गुण २.९६ होते, म्हणजे स्पष्टपणे कमी. लोकांना वाटतं तेवढे कमी नव्हते, इतकंच. शिवाय इतक्या थोड्या माणसांवर किती भार टाकायचा? पुढे स्वीडनमध्ये लॉटरी जिंकलेल्या हजारो लोकांवर अभ्यास झाला, तो २०२० साली छापून आला. त्यात दिसलं, की मोठं बक्षीस लागलेल्यांना आपलं आयुष्य एकंदरीत बरं चाललंय असं दहा वर्षांनंतरही वाटत होतं. रोजच्या आनंदावर मात्र परिणाम बराच कमी. म्हणजे पैशाने झोप शांत लागते, पण सकाळचा चहा जास्त गोड लागतो असं नाही.

सगळ्याची सवय होते हेही खरं नाही, आणि 'आत शोधा'वाल्यांचं इथेच चुकतं. जर्मनीत १९८४ पासून तीच तीच घरं दरवर्षी गाठून लोकांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारतात. त्या माहितीतून दिसतं, की लग्नाचा आनंद सरासरीने दोनेक वर्षांत पूर्वीच्या पातळीवर येतो, पण नोकरी जाण्याचा घाव राहतो. पुन्हा काम मिळाल्यावरही माणूस पूर्ण पूर्वपदाला येत नाही. त्याच माहितीवरून स्वित्झर्लंडच्या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं, की कामावर जायला ज्यांना जास्त वेळ लागतो ते तितकेच कमी समाधानी असतात. जास्त पगार किंवा मोठं घर मिळूनही ती तूट भरून निघत नाही.

हे वाचताना मला मुंबईचे सगळे डोंबिवली-बदलापूर-विरारकर आठवतात. टू बीएचके घेताना आपण हॉल बघतो, बाल्कनी बघतो, कारण त्या डोळ्यांना दिसतात. सहा महिन्यांत हॉलची सवय होते. त्याच्या एका कोपऱ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड आला की तो हॉल उरतही नाही. आठ बाराच्या लोकलची सवय मात्र होत नाही. आज गाडी दहा मिनिटं लेट, उद्या दारात लटकणाऱ्याची बॅग तोंडावर, परवा फलाट बदलला. जे रोज वेगळ्या तऱ्हेने छळतं, त्याच्यासाठी अपेक्षेची रेघ स्थिर होतच नाही. परवडत असेल तर मोठ्या घरापेक्षा जवळचं घर घ्यावं, हा सल्ला मी अध्यात्मापेक्षा वरचा मानतो. घरांच्या किमती बघता तो किती जणांना झेपेल, हा प्रश्न आहेच.

कॅलिफोर्नियात गेलं की सुखी?

१९९८ मध्ये डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमान यांनी अमेरिकेच्या कडाक्याच्या थंडीच्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि ऊन-समुद्राच्या कॅलिफोर्नियातल्या मिळून सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांना विचारलं: तुम्ही किती समाधानी आहात? दोन्हीकडची उत्तरं सारखीच आली. मग विचारलं: तुमच्यासारखाच विद्यार्थी तिकडे राहत असेल तर तो किती समाधानी असेल? दोन्हीकडच्यांनी एकमुखाने सांगितलं, कॅलिफोर्नियातला जास्त सुखी असणार. कारण 'तिकडे' म्हटलं की डोळ्यांसमोर हवा येते, समुद्र येतो. परीक्षा, घरभाडं, रूममेटची भांडणं येत नाहीत. त्या तर दोन्हीकडे असतात. जिकडे लक्ष रोखलं ती गोष्ट त्या क्षणापुरती फुगते.

पुण्यातल्या मुलाला न्यू जर्सी असंच दिसतं आणि न्यू जर्सीत बर्फ उपसणाऱ्याला पुणे. त्याच्या आठवणीतल्या पुण्यात चितळ्यांची बाकरवडी आणि पर्वतीवरची संध्याकाळ असते, कात्रजच्या चौकातला चाळीस मिनिटांचा सिग्नल नसतो. जाऊ नये असं कोण म्हणतंय? पगारासाठी जावं, शिक्षणासाठी जावं. फक्त, विमानात आपण आपला मोजणारा सोबत घेऊनच बसतो.

तुलनेचंही असंच. १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या पदकविजेत्यांची चित्रफीत काही संशोधकांनी अनोळखी लोकांना दाखवली आणि कोण किती आनंदी दिसतंय त्याला गुण द्यायला सांगितलं. कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा खूश दिसले. रौप्यवाला बघत असतो वर, हुकलेल्या सोन्याकडे. कांस्यवाला बघतो खाली: वाचलो बुवा, नाहीतर हात हलवत परतलो असतो! हा प्रयोग मला फार आवडतो, कारण यात उपदेश अजिबात नाही.

मन असतं कुठे

मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० जणांच्या फोनवर दिवसात मध्येच कधीतरी विचारणा केली: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे की भटकतंय, आणि कसं वाटतंय? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि भटकणाऱ्या मनाचे लोक त्या क्षणी कमी सुखी होते, काम कंटाळवाणं असतानासुद्धा. मन एखाद्या छान गोष्टीकडे भटकलं तरी कामात गुंतलेल्यांपेक्षा जास्त सुख काही मिळत नव्हतं. एकाच माणसाच्या सुखात क्षणाक्षणाला होणारा चढउतार तो काय करतोय यावरून ४.६ टक्केच उलगडत होता. मन कुठे आहे यावरून १०.८ टक्के. भांडी घासणं आणि सिनेमा बघणं यांतल्या फरकापेक्षा भांडी घासताना मन कुठे आहे, याचा फरक मोठा.

म्हणून 'मग शांत बसा आणि आत डोकवा' म्हणावं, तर तेही सोपं नाही. २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांनी लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसायला सांगितलं. फोन नाही, पुस्तक नाही. सोबत एक बटण होतं, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसणारं. तो झटका टाळायला आपण पैसे देऊ, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरीही १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी स्वतःला तो देऊन घेतला. एका गड्याने तर १९० वेळा बटण दाबलं. आत बसून काय मिळतं हा पुढचा प्रश्न, आधी आत बसवत नाही.

नाकाच्या शेंड्यावरची खाज

बसण्याचा सराव करायची एक पद्धत आपल्या उंबरठ्यावर आहे. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला विपश्यनेचं धम्मगिरी हे केंद्र १९७६ पासून चालतं. ते ज्यांनी उभं केलं ते सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा असा त्रास होता की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. ते तिथले विपश्यनेचे आचार्य ऊ बा खिन यांच्याकडे शिकायला गेले, तर नुसती डोकेदुखी घालवायला येणार असशील तर शिकवत नाही, असं त्यांनी सुनावल्याचं गोयंका स्वतः सांगत. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले.

दहा दिवसांचं शिबिर. पहाटे चारला घंटा. फोन जमा, लिहिणं-वाचणं बंद, दहाव्या दिवसापर्यंत आपसात बोलणं बंद. फी नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकाखालचा श्वास बघायचा, मग अंगभर उमटणाऱ्या संवेदना. दिवसातून तीनदा तासभर शक्यतो आसन न बदलता बसायचं असतं. तेव्हा नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. एरवी खाज आणि खाजवणं यांच्यात जागाच नसते; हात आपोआप जातो. इथे हात जाऊ द्यायचा नाही, नुसतं बघायचं. खाज वाढते, आता जीव जाईल असं वाटतं, आणि मग ती आपली आपण ओसरते. हे शेकडो वेळा होतं. संवेदना वेगळी आणि 'हे आत्ताच्या आत्ता थांबलं पाहिजे' ही ओढ वेगळी, हे माणूस स्वतःच्या कातडीवर शिकतो. बेरिज यांना जे उंदरात दिसलं, त्याच्या जवळपासचं काहीतरी त्याला स्वतःत दिसतं.

मी याचं फार कौतुकही करणार नाही. २०१४ साली ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानाने थोड्या ते मध्यम प्रमाणात आराम पडतो, असं त्यात दिसलं. व्यायाम किंवा औषधं यांपेक्षा ते सरस ठरतं, असा पुरावा मात्र मिळाला नाही. ज्याला बसवत नाही त्याने चालावं. आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी अशा कडक शिबिराला जाऊ नये, हे विपश्यनेवालेही अर्ज भरतानाच सांगतात.

बसायचं नसेल तर बोलून करायचा एक मार्ग आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात बऱ्यापैकी रुजलेली आहे. एलिस यांचं म्हणणं, की घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही. मध्ये आपला दृष्टिकोन असतो. 'मुलाला कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळाली तर बरं' ही इच्छा झाली. ती हुकली तर वाईट वाटेल, दोन दिवस जेवण जाणार नाही. 'मिळायलाच पाहिजे, नाहीतर आमचं नाक कापलं' हा हुकूम झाला, आणि जगाने आपला हुकूम पाळावा असा करार कुणी केलेला नसतो. इच्छा सोडा असं एलिस सांगत नाहीत. हुकूम काढून टाका आणि इच्छा राहू द्या, एवढंच. मला हे जास्त पटतं, कारण निरिच्छ होणं आपल्याला जमणार नाही, आणि जमलं तर घरचे वैतागतील.

रोज कृतज्ञतेची वही लिहा, असं सांगणाऱ्यांची हल्ली चलती आहे. २००३ मध्ये एमन्स आणि मॅकलॉ यांनी आठवड्यातून एकदा पाच गोष्टी लिहायला लावल्या होत्या, आणि त्याचा थोडाफार उपयोग दिसला. ज्या गोष्टींची किंमत सवयीने शून्य झाली आहे त्या पुन्हा मोजायला घेणं, इतकंच त्यात घडतं. लिहीत राहिलात की वहीचीही सवय होऊ शकते.

आणखी एक सांगावंसं वाटतं. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. ज्यांना सोडवल्याचे पैसे दिले, त्यांनी पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात ती कोडी कमी हातात घेतली. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यांचा रस टिकून होता. आज कुणी छान रांगोळी काढली की चार जण म्हणतात, चॅनल काढ की! काढावं, त्यात चार पैसे मिळतात. पण मग रांगोळी काढून झाल्यावर डोळे ठिपक्यांवर राहत नाहीत, लाइकच्या आकड्यावर जातात. निदान एखादी गोष्ट अशी असू द्यावी, जिचा हिशोब कुणालाच द्यायचा नाही.

कुणाला हे सांगू नये

'ठेविले अनंते तैसेचि रहावे' ही ओळ आपल्याकडे बहुतेक वेळा वरचा माणूस खालच्याला ऐकवतो. पगारवाढ मागणाऱ्याला, सासरी छळ होत असलेल्या मुलीला, तीन वर्षं कंत्राटावर राबणाऱ्याला. तुकोबांच्या घरी सावकारी होती, आणि परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. चित्तात समाधान असू द्या म्हणणाऱ्याने आधी दुसऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज उतरवलं, हे ओळ फेकून मारणारे सोयीस्कर विसरतात. पैशाने सुख वाढत नाही, हेही असंच पोटभर जेवलेल्यांचं आवडतं वाक्य. २०१० मध्ये कानेमान आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेत वर्षाला ७५ हजार डॉलरनंतर रोजचा आनंद वाढायचा थांबतो, असं म्हटलं होतं. २०२३ मध्ये कानेमान यांनीच किलिंग्जवर्थ यांच्यासोबत तो निष्कर्ष दुरुस्त केला. वाढ थांबते ती सगळ्यात दुःखी असलेल्या साधारण १५-२० टक्के लोकांत. बाकीच्यांत ती पुढेही चालू राहते.

'आत' म्हणजे एकट्याने, असंही नाही. हार्वर्डमध्ये १९३८ पासून २६८ विद्यार्थ्यांचा, आणि पुढे त्यांच्या जोडीला बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांचा, आयुष्यभर पाठपुरावा केला गेला. म्हातारपणी कोण धडधाकट आणि समाधानी राहिलं याचा अंदाज कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या नातेसंबंधांवरून बरा बांधता आला. दूर राहून भावाशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्याने आधी फोन करावा. ध्यान नंतर करता येईल.

शेवटचा गट सगळ्यात महत्त्वाचा. नैराश्याच्या आजारात माणसाची ओढच आटते. गोड चवीला गुण द्यायला सांगितले तर असे बरेच रुग्ण इतरांइतकेच देतात, पण एखादी चांगली गोष्ट मिळवायला उठून हातपाय हलवणं त्यांना जड जातं. डोपामिन गमावलेल्या त्या उंदरांसारखंच काहीसं. अशा माणसाला 'सुख तुझ्या आतच आहे, शोध' म्हणणं म्हणजे जी यंत्रणा बंद पडली आहे, तिलाच कामाला लावणं. तो शोधतो, सापडत नाही, आणि आपणच कमनशिबी असा आणखी एक दोष स्वतःला लावून घेतो. त्याच्यासाठी उपचारात क्रम उलटा करतात. वाटेल तेव्हा कर असं नाही, आधी कर, वाटणं मागून येईल. सकाळी अकराला खालच्या टपरीपर्यंत चालत जायचं, बुधवारी मावशीकडे जायचं, असं वेळेनिशी लिहून ठेवतात आणि मन तयार नसतानाही करायला लावतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जावं. कुठे जायचं ते सुचत नसेल तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ज्याला फोन उचलायचंही बळ नसेल, त्याच्या वतीने घरच्या कुणी नंबर लावून दिला तरी चालतो.